मार्लीसचा गुडघा

बायकांच्या चेंजिंग रूममधून धप्‌ धप्‌ आवाज येत होता. मला वाटलं, कुणीतरी कपडे आपटतंय. आत डोकावले तर मार्लीस. बाकावर बसलेली, डावा पाय पुढे पसरलेला, आणि मुठीनं स्वतःच्याच गुडघ्यावर मारत होती.

"अगं ए! काय करतेस?" मी मराठीतच ओरडले. मग भान आलं आणि इंग्रजीत म्हणाले, "थांब, थांब!"

मी तिचं मनगट धरलं. हात कसला, लाकडाचा ओंडका होता नुसता. ती थांबली, पण वर बघितलं नाही.

"हा माझा शत्रू आहे," गुडघ्याकडे बोट करून ती म्हणाली. "आज परत यानंच घात केला."

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. तिचंही साधंच आणि माझंही कॉलेजातलं, त्यामुळे आमचं छान जमायचं. इथे मराठीतच सांगते.

वीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला. सोलापुरात आमच्या क्लबावर मुलींची एक लहानशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. देशोदेशीच्या पोरी आल्या होत्या. क्लबाच्या गेस्ट हाउसच्या खोल्या पुरेनात, म्हणून मेंबर लोकांनी एकेक खेळाडू आपापल्या घरी ठेवून घेतली. आमच्या वाट्याला आली मार्लीस हुकेमा, हॉलंडची. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते, कारण लग्नाआधी मी स्वतः विद्यापीठाकडून टेनिस खेळलेली. लग्नानंतर मात्र सकाळी क्लबावर नवऱ्याच्या वयस्कर मित्रांबरोबर थोडं ठोकठोक करायचं, एवढंच उरलं होतं. माझा नवरा विरूपाक्ष चादरींचा व्यापारी. घरात तो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो.

मार्लीस काही पोरगी नव्हती. चौतीस वर्षांची होती. बाकीच्या सगळ्या सतरा-अठराच्या, आणि त्यांच्यात ही. एके काळी मोठमोठ्या स्पर्धांत खेळली होती, पेपरात फोटोबिटो येत होते म्हणे. मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं, परत उभी राहिली, परत गेला. शेवटी जिथे कुणी घेईल तिथे खेळत खेळत आमच्या गावापर्यंत येऊन पोचली. ही तिची शेवटची स्पर्धा होती. ते तिनं आल्या दिवशीच जेवताना सांगून टाकलं होतं, भाकरी कशी मोडायची ते शिकता शिकता.

आणि आज एकेरीच्या पहिल्याच सामन्यात, चांगली पुढे असताना, गुडघ्यानं दगा दिला. सामना अर्ध्यात सोडावा लागला.

"झालं ते झालं," मी म्हणाले. "आता घरी चल. गरम पाणी घे."

"हरले असते तर चाललं असतं," ती म्हणाली. "खरं सांगते, शैला. हरायची मला सवय आहे. पण शेवटचा सामना अर्धवट सोडून जायचं? सहा वर्षांची होते तेव्हापासून खेळतेय. मला शेवटचा पॉइंट खेळायचाय गं. पूर्ण. बॉल दोनदा टप्पा खाईपर्यंत."

"डबल्स आहे की तुझी!"

"माझी पार्टनर सकाळीच गेली. पोट बिघडलंय तिचं, विमान पकडून घरी जातेय. उद्या सकाळी दहापर्यंत नावं द्यायची आहेत. या वेळेला मी पार्टनर कुठून आणू?"

मी तिची रॅकेटची पिशवी उचलायला गेले तर तिनं ती हिसकावून घेतली.

घरी आलो तेव्हा अव्वा बाहेरच्या सोप्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. मार्लीसनं पिशवी खांद्यावरून खाली टाकली आणि पायानंच भिंतीकडे ढकलली. रागात होती ती. आतल्या रॅकेटी खडखडल्या.

"शिव शिव शिव!" म्हणत अव्वा उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत उठल्या, पण उठल्याच. वाकून त्या पिशवीला हात लावला आणि तो हात छातीला, मग कपाळाला लावला. एकदा झाल्यावर परत एकदा केलं, मार्लीसच्या वाटचं.

मार्लीस बघतच राहिली. "यात देव आहे असं वाटतं का त्यांना?"

"देवबिव नाही गं. पाय लागला ना! आमच्याकडे वस्तूला पाय लागला, पुस्तकाला लागला, माणसाला लागला, तर असा नमस्कार करायचा. लहानपणापासूनचं आहे. हात आपोआपच जातो."

"म्हणजे सॉरी?"

मी म्हणाले, "सॉरीच, पण तोंडानं म्हणायचं नाही. आणि माणूसच लागतो असं नाही."

"काय बोलालीय ती?" अव्वांनी विचारलं.

"नमस्कार कशाला केला म्हणून विचारतीय."

"हिला सांग, ज्याच्यावर पोट भरतं त्याला लाथ नसते मारायची. एवढी मोठी घोडी झालीय आणि कुणी शिकवलं नाही होय हिला?"

मी ते जरा गोड करून सांगितलं. मार्लीस पिशवीकडे बघत म्हणाली, "रागाच्या भरात मी कितीतरी रॅकेटी जमिनीवर आपटून मोडल्यात. टाळ्या पडतात लोकांच्या."

संध्याकाळी अव्वांनी तिळाचं तेल कोमट केलं, त्यात ओवा टाकला आणि मार्लीसला समोर पाट दिला. तिला पाटावर बसताच येईना. मग अव्वाच खाली बसल्या आणि तिला खुर्चीवर बसवून तिचा पाय सरळ मांडीवर घेतला. मार्लीसनं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला.

"गप बस!" अव्वा खेकसल्या. मराठीतच खेकसल्या, पण ती गप बसली.

त्या गुडघ्यावर ऑपरेशनच्या खुणा होत्या, उभ्या-आडव्या, पांढऱ्या पडलेल्या. अव्वा त्यांच्यावरून अंगठा फिरवत होत्या. सुरुवातीला मार्लीस अंग आखडून बसली होती. हळूहळू तिचे खांदे खाली आले.

"किती हाल केलेत बाई या गुडघ्याचे," अव्वा तेल चोळत म्हणाल्या. "आणि वर कुणीतरी मारलंय याला. लाल झालंय बघ इथं. कुणी मारलं गं?"

मी सांगितलं. शेवटचा सामना, अर्धवट राहिलेला खेळ, घरी निघून गेलेली जोडीदारीण, सगळं सांगितलं. अव्वांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

"मग तू जा की खेळायला."

"मी?"

"का? लग्नाच्या वेळी तुझा बाप सांगत होता ना, पोरीनं कप जिंकलेत म्हणून! का खोटंच सांगत होता?"

"अव्वा, ती आंतरराष्ट्रीय खेळाडू आहे. मी गेली सात वर्षं देशपांडे काकांबरोबर खेळतीय. देशपांडे काकांना मोतीबिंदू आहे."

"हिला जिंकायचंय कुठं? खेळून संपवायचंय. त्याला काय अमेरिकेची पोरगी लागतीय होय?"

मार्लीस आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. मी हसत हसत, चेष्टा म्हणून, तिला सांगितलं. मला वाटलं ती पण हसेल. पण ती हसली नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून पुढे झुकली आणि म्हणाली, "तुझा बॅकहँड मी काल बघितलाय. खेळशील?"

विरूपाक्ष दुकानातून आल्यावर त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अख्खा क्लब बघायला येईल. लोक हसतील शैले."

"हसू देत की," अव्वा आतून ओरडल्या. "फुकट बघायला मिळालंय म्हणून खुश होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आम्ही रेफरी गुर्जर साहेबांच्या टेबलापुढे उभ्या. त्यांनी आधी मार्लीसकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चष्मा काढून परत माझ्याकडे. "वहिनी, तुम्ही?" म्हणाले. डबल्सला नावं कमी आली होती म्हणून जागा होती. क्लबाच्या डॉक्टरांनी मार्लीसचा गुडघा दाबून बघितला, मान हलवली, घट्ट पट्टा बांधायला सांगितला आणि हो म्हटलं. झालं! दुपारी तीनची मॅच. समोर दिल्लीची एक आणि उझबेकिस्तानची एक. दोघींचं वय मिळून मार्लीसएवढं.

मी पांढरी ट्रॅकपँट आणि क्लबाचा टी-शर्ट घालून कोर्टावर गेले. अव्वा पहिल्या रांगेत, छत्री उघडून. शेजारी देशपांडे काका. त्यांना काय दिसणार होतं देव जाणे.

पहिला सेट तर विचारूच नका. माझा पहिला सर्व्ह नेटमध्ये, दुसरा बाहेर. "सॉरी," मी म्हणाले. बॉल माझ्या शेजारून सुंकन गेला. "सॉरी." मी तिच्या बॉलवर धावून गेले. "सॉरी, सॉरी." बघता बघता सेट गेला.

खुर्चीत बसलो तेव्हा तिनं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

"शैला, एक काम कर. सॉरी म्हणू नकोस."

"सॉ..." मी जीभ चावली.

"तू सॉरी म्हणतेस आणि पुढच्या बॉललाही तेच डोक्यात घेऊन उभी राहतेस. बॉल गेला की गेला. इथे कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. फक्त बॉलकडे बघ."

"ठीक आहे."

"वचन?"

"वचन."

दुसऱ्या सेटमध्ये काय झालं मला अजून नीट सांगता येत नाही. माझा बॅकहँड परत आला, एवढं खरं. कॉलेजातला, जसाच्या तसा. मार्लीस नेटजवळ उभी राहून हातानं सगळं करत होती; पाय चालत नव्हता तर हात दुप्पट चालत होता. कुठून कुठे बॉल ठेवायची! त्या पोरी धावून धावून घामाघूम. एकदा तिनं पाठीमागे न बघता असा हळूच बॉल टाकला की समोरच्या दिल्लीवालीनंच टाळी वाजवली. क्लबातले लोक, आधी नुसते तमाशा बघायला आलेले, आता ओरडायला लागले. "वहिनी! वहिनी!" मला इतका आनंद झाला होता की रडू येईल असं वाटत होतं. सात वर्षं मी हे कसं काय सोडून बसले होते?

सेट बरोबरीत आला आणि टायब्रेक लागला. पण मार्लीस आता लंगडत होती. पट्ट्याखाली गुडघा सुजलेला दिसत होता. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "थांबायचं का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं माझ्या जागी परत गेले.

मग त्यांचा मॅच पॉइंट आला.

सर्व्ह माझ्या बॅकहँडवर आला, मी नीट परत मारला. उझबेक पोरीनं मार्लीसच्या डोक्यावरून उंच बॉल टाकला. मार्लीस मागे वळली, दोन पावलं टाकली आणि गुडघा वळला. ती खाली पडली, आडवीच. मी पलीकडून धावत आले, बॉल कसाबसा गाठला, उंच परत टाकला आणि त्या धावेत मला थांबता येईना. माझा बूट तिच्या पायाला लागला. पट्टा बांधलेल्या त्याच गुडघ्याला.

दिल्लीवालीनं गडबडीत मारलेला बॉल माझ्याकडेच येत होता, हळू आणि मऊ. लहान मुलानंही मारला असता असा. पलीकडे अर्धं कोर्ट मोकळं होतं.

आणि मी वाकलेली होते. रॅकेट डाव्या हातात, उजवा हात मार्लीसच्या गुडघ्याला लावून मी तो छातीकडे नेत होते. माझ्या कानाजवळ एक टप्पा पडला. मग दुसरा पडला.

"गेम, सेट अँड मॅच," वरून अंपायर म्हणाले.

मार्लीस जमिनीवरून माझ्याकडे बघत होती.

"तू काय करत होतीस?"

"तुला पाय लागला."

"मॅच पॉइंट होता!"

"हो. पण पाय लागला ना तुला."

मी सॉरी म्हणायचं नाही असं वचन दिलं होतं आणि ते मी पाळलं होतं, हे त्या घटकेला माझ्या डोक्यात का आलं कोण जाणे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. एवढं एकच मागितलं होतं तिनं, शेवटचा पॉइंट पूर्ण खेळायचा. आणि मी मध्येच नमस्कार करत बसले!

मार्लीसचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं आता ही रडणार. पण तिला हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग खदाखदा. पोट धरून, आडवी पडूनच हसत होती. समोरच्या पोरी घाबरून नेट ओलांडून आल्या, डॉक्टर पिशवी घेऊन धावले. ती सगळ्यांना हातानं लांब सारत होती आणि हसत होती. हसता हसता कधी रडायला लागली ते मलाही कळलं नाही.

मी तिच्याजवळ खालीच बसले. गरम सिमेंटवर. "माझ्यामुळे गेला गं तुझा शेवटचा पॉइंट."

"गेला कुठे?" ती डोळे पुसत म्हणाली. "बॉलनं दोन टप्पे घेतले. मी मोजले." मग म्हणाली, "मॅच पॉइंटला सगळे बॉलकडे बघतात, शैला. इतकी वर्षं सगळे बॉलकडेच बघत होते. माझे कोच, माझे वडील, मी स्वतः. मी पडले तरी आधी बॉल कुठे गेला तेच बघायचे."

अव्वा छत्री टेकत कोर्टात आल्या होत्या. कोर्टाच्या कडेला चपला काढून, देवळात यावं तशा.

"हरलात का जिंकलात?"

"हरलो अव्वा. माझ्यामुळे. हिला पाय लागला म्हणून मी नमस्कार करायला वाकले."

"मग? पाय लागल्यावर नमस्कार नाही करायचा तर काय करायचं?" अव्वा म्हणाल्या. "उठवा तिला. ऊन लागंल."

त्या रात्री मार्लीस जेवली दणकून. शेंगाचटणी नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ली. विरूपाक्षनं तिला दुकानातली सगळ्यात भारी चादर दिली, मोराची. मग मार्लीस फोनवर आपल्या आईशी बराच वेळ बोलली. काय बोलली कळलं नाही, पण एकदा "शैला" ऐकू आलं आणि मग पलीकडून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. पुढे काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाली, "आधी झोपणार. मग आईकडे जाणार. मग बघू." तिच्या आवाजात भीती होती, ती लपवत नव्हती. मी तिचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पुण्याची गाडी होती. विरूपाक्ष रिक्षा आणायला गेला. अव्वांनी कडक भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधली आणि मला हाक मारली, "दे जा तिला, नाहीतर विसरंल."

मी आणि मागोमाग अव्वा सोप्याच्या दारापर्यंत आलो आणि मी थबकले.

मार्लीस पायरीवर बसून बूट घालत होती. पाठ आमच्याकडे, तोंड जरा तिरकं. शेजारी रॅकेटची पिशवी, भिंतीला नीट टेकवून उभी केलेली. बुटाची नाडी बांधून झाली तरी ती उठली नाही. हळूच पँट वर केली. गुडघा टम्म सुजलेला होता, आणि परवा मुठीनं मारलेलं तिथे निळं पडलं होतं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग उजवा हात त्या गुडघ्यावर ठेवला. तोच हात उचलून छातीला लावला. आणि कपाळाला लावायचा राहिला असं आठवून कपाळालाही लावला.

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पुढे होणार, तर अव्वांनी मागून माझा दंड घट्ट धरला.

"थांब," त्या कानाशी म्हणाल्या. "तिचं होऊ दे."

बाहेर विरूपाक्षची रिक्षा येऊन थांबली होती. तरी आम्ही दोघी भाकरीचं गाठोडं घेऊन दाराआड उभ्याच राहिलो.